पेनल्टी चालू असताना आलेला फोन

दक्षिण आशियातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल होती, भारत आणि कुवेत यांच्या पेनल्टी चालू होत्या, आणि माझ्या मित्राला त्याच्या मुलाचा आलेला फोन मी कट केला. चुकून नाही. चष्मा सारखा करून, नाव वाचून, लाल बटण दाबून.

कुवेत दक्षिण आशियात कधीपासून, असं कोणी विचारेल. मीही विचारलं होतं. त्या वर्षी बाहेरच्या दोन देशांना पाहुणे म्हणून बोलावलेलं, आणि त्यातला एक पाहुणा थेट फायनलच्या पंगतीला येऊन बसला. मित्राचा मुलगा नोकरीला कुवेतमध्येच. स्पर्धा ठरवणाऱ्यांना याची कल्पना असण्याचं कारण नाही, पण वहिनींना, म्हणजे मित्राच्या बायकोला, यात देवाचा हात दिसला. तो असेलही. पुढचा हात माझा होता, एवढंच.

मी फुटबॉलचा माणूस नव्हे. डोंबिवलीत वाढलो, क्रिकेट बघत म्हातारा झालो. आमच्या घरात क्रिकेट बघण्याचे नियम सत्यनारायणापेक्षा कडक. जोडी जमली की जो जिथे आहे तिथेच राहणार. पाय वर असेल तर वर, खाली असेल तर खाली. एकदा बायको लाटणं हातात घेऊन स्कोअर विचारायला स्वयंपाकघराच्या दारात आली, नेमका तेव्हा चौकार गेला, आणि मी तिला तिथेच उभी केली. आतला तवा धुरकटला, पोळी कोळसा झाली, पण सामना जिंकलो. सामना माझ्यामुळे जिंकला असं मी म्हणत नाही. पण पोळी माझ्यामुळे जळाली असं ती अजून म्हणते.

निवृत्तीनंतर आम्ही ठाण्यात कोलशेतला, एका उंच इमारतीत राहायला आलो. कारण सांगायचं तर हाच मित्र. इथल्याच एका कारखान्यात आम्ही नोकरी केली, तो स्टोअर्समध्ये, मी परचेसमध्ये, मधे एक लाकडी पार्टिशन. त्याचं घर आमच्या इमारतीच्या मागच्या जुन्या गावठाणात. पोर्तुगीजांच्या काळापासूनचं ख्रिस्ती कुटुंब, अंगणात केळी, गल्लीच्या तोंडाशी क्रूस. तरुणपणी तो चर्चच्या टीमचा गोलकीपर होता. डाव्या हाताचं एक बोट तेव्हापासून वाकडं आहे, आणि कोणी विचारलं की दर वेळी ते वेगळ्या सामन्यात मोडलेलं असतं. मला तो 'पंडित' म्हणतो. क्रिकेटवरच्या माझ्या बडबडीमुळे पडलेलं नाव आहे ते, विद्वत्तेमुळे नव्हे.

मुलगा त्याचा एकुलता. बापाने त्याला चालायला आणि बॉल अडवायला बहुतेक एकाच आठवड्यात शिकवलं असावं. संध्याकाळी चर्चच्या मैदानावर बाप पेनल्टी मारायचा आणि पोरगा दोन चपलांच्या मधे उभा राहायचा. मोठा झाला, कुवेतला गेला, आणि तिथल्या एका मल्याळी नर्सशी तिथल्याच चर्चमध्ये लग्न करून मोकळा झाला. घरी कळलं ते फोटो आल्यावर.

मित्राला मुलगी नापसंत नव्हती. तो म्हणायचा, "पोरगी चांगली हाय रे. पन माझ्या दारात बँड वाजायचा होता." त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात, त्या पाण्याने नवऱ्या मुलाला आंघोळ घालतात. गावातल्या प्रत्येकाच्या पोराच्या पाण्याला हा नाचलेला. स्वतःच्या पोराच्या वेळी मोबाइलवर फोटो बघायचा. फोनवर तो मुलाला म्हणाला, "बाप नसला तरी चालतं ना तुला? मग चालू दे." आणि ठेवला. तेव्हापासून मुलगा आईशी बोलायचा, तेही बाप घरात नसताना.

मग मी मधे पडलो. मला मधे पडायला आवडतं. मुलाला मी फोन करून सांगायचो, "पप्पा काल तुझी आठवण काढून रडले." बापाला सांगायचो, "पोरगा तुझी फार चौकशी करतो." दोन्ही खोटं. पण हेतू चांगला असला की खोटं बोलताना माणसाला आपण समाजसेवा करतोय असं वाटतं. एका नाताळात मी मुलाला सांगितलं, पप्पांनी तुझ्या वाटणीचा केक फ्रीजमध्ये राखून ठेवलाय. त्याने लगेच आईला विचारलं. आई म्हणाली, "कसला केक? तुझ्या पप्पाने सगला संपवला." त्या दिवशी माझी दोन्ही दुकानं बंद झाली.

जे माझ्या खोट्याला जमलं नाही, ते फुटबॉलने केलं. त्या स्पर्धेत भारत आणि कुवेत आधी साखळीत भेटले. भारत जिंकत आलेला आणि अगदी शेवटी आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून बॉल आपल्याच गोलात गेला. बरोबरी. मुलाने आईला निरोप धाडला: पप्पांना सांग, तुमच्या लोकांनी आम्हाला गोल भेट दिला, थँक्यू. वहिनींनी भीत भीत सांगितलं. मित्र खो खो हसला, आणि म्हणाला, "त्याला सांग, फायनलला या म्हनावं. तिथं भेट नाय मिलनार." कितीतरी दिवसांनी बापाने मुलाला काहीतरी 'सांग' म्हटलं होतं. वहिनींनी ते शब्द जसेच्या तसे पोचवले. आणि कुवेत खरोखरच फायनलला आलं.

त्या संध्याकाळी मित्राच्या घरी शेजारणींची रोझरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना होती, म्हणून सामना आमच्याकडे बघायचा ठरला. वहिनी स्वतः त्याला सोडायला आल्या. हातात फुग्यांचा डबा, म्हणजे ते लोक करतात ते गोल तळलेले पाव. मित्र आत टीव्हीसमोर गेल्यावर त्यांनी मला दारातच धरलं.

"भावजी, पोर आज फोन करनार हाय. यांनाच. मॅच चालू असताना. मना बोलला तो."

"अरे वा! सांगू का त्याला?"

"काय सांगू नका! नायतर आदी रुसून बसतील. फक्त फोन त्यांच्या हाताशी राहू दे. एवढंच करा."

"वहिनी, तुम्ही निर्धास्त प्रार्थनेला जा," मी म्हणालो.

गेल्या त्या. निर्धास्त.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात कुवेतने गोल मारला. मित्र सोफ्याच्या टोकाला, डावा पाय टीपॉयवर. बायको खाली पाटावर वाल सोलत होती. मी खिडकीच्या पडद्याजवळ उभा. मित्राचा फोन मधेच वाजायचा आणि तो दचकायचा. सगळे कर्ज आणि कार्ड विकणारे. शेवटी वैतागून त्याने फोन माझ्याकडे दिला. "तू ठेव रे हा. मना चष्म्याशिवाय नाव दिसत नाय. कामाचा असला तर सांग."

मी तो सायलेंट केला आणि शर्टच्या खिशात टाकला. हाताशी ठेवायचा होता ना? मी म्हटलं, माझा खिसा म्हणजे त्याचाच हात. आणि फोन खिशात पडतोय न पडतोय तोच भारताने गोल मारला.

बरोबरी! आम्ही ओरडलो, सोफ्याची एक स्प्रिंग कायमची गेली. आणि माझ्यातला जुना डोंबिवलीकर जागा झाला.

"कोणी हलायचं नाही," मी जाहीर केलं. "जो जिथे होता तिथेच. तुझा पाय टीपॉयवर. हिच्या हातात वाल. फोन माझ्या खिशात."

मित्र म्हणाला, "पंडित, हा क्रिकेट नाय. हितं गोलकीपरने हात घातला तर बॉल अडतो. तुझ्या खिशाने नाय."

"अनुभव आहे मला."

"तुझ्या अनुभवाने वर्ल्डकप गेला रे गेल्या टायमाला."

पण पाय त्याने टीपॉयवरून काढला नाही. मैत्रीत माणूस असल्या गोष्टी सहन करतो.

सामना लांबला. जादा वेळ झाला, गोल नाही. बायकोचे वाल कधीच संपले होते. मी म्हटलं, सोललेलेच पुन्हा पाण्यात टाक आणि सोलायला बस. ती म्हणाली, "आता तुम्हालाच सोलते." मग फक्त परात मांडीवर ठेवून बसायला कबूल झाली.

पेनल्टी सुरू झाल्या. मित्राने हातातला फुगा खाली ठेवला आणि पुढे सरकून बसला. त्याचे दोन्ही पंजे आपोआप उघडले होते. कुवेतची पहिलीच पेनल्टी आडव्या दांड्याला लागून परत आली. मी खिसा थोपटला. पुढच्या काही दोन्हीकडून आत गेल्या. आणि मग खिसा थरथरला.

मी फोन अर्धा वर काढून पाहिलं. मुलाचं नाव. मला सगळं आठवलं. वहिनी, दार, 'एवढंच करा'. विसरलो असतो तर आज निदान म्हातारपणावर ढकलता आलं असतं. मी फोन द्यायला एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा, आणि त्याच क्षणी आपल्या खेळाडूने पेनल्टी बाहेर मारली.

झालं. माझ्या डोक्यात हिशेब पक्का झाला: मी हललो आणि पेनल्टी गेली. मी मागे पडद्याजवळ गेलो. फोन थरथरून थरथरून थांबला.

"अहो, त्यांचा फोन वाजतोय ना?" बायको म्हणाली. तिच्या कानाला सायलेंटवरचा फोनही ऐकू येतो.

"कोनाचा रे?" मित्राने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं.

"कार्डवाला," मी म्हणालो.

का म्हणालो? एक तर मला ट्रॉफी हवी होती. दुसरं म्हणजे, आणि हे जास्त वाईट, माझ्या डोळ्यांसमोर एक सुंदर देखावा आला होता. भारत जिंकलाय, आम्ही नाचतोय, आणि अशा वेळी मी फोन पुढे करून म्हणतोय, 'घे, कुवेतहून आहे.' त्या देखाव्यात मी मधोमध उभा होतो.

पाच-पाच मारून झाल्या, पुन्हा बरोबरी. आता एकेक. आपली गेली आत. त्यांचा खेळाडू बॉल ठेवून मागे सरकला, आपला गोलकीपर हात पसरून उभा राहिला, मित्राने श्वास धरला, आणि फोन पुन्हा थरथरला. तोच. मघाशी फोन आला आणि आपली हुकली होती. आता हा थरथरत राहिला तर त्यांची आत जाणार, हे मला दोन अधिक दोनइतकं स्पष्ट होतं. मी नाव वाचलं, बटण दाबलं, फोन शांत झाला. आणि आपल्या गोलकीपरने उजवीकडे झेप घेऊन बॉल अडवला.

मित्र रडत होता, माझ्या पाठीवर ते वाकडं बोट आपटत होता. मीही रडत होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की हा कप मी जिंकून दिला.

मग मी माझा देखावा सादर केला. "तुझ्या पोराचा फोन येत होता. थांब, लावून देतो." मी त्याच्याच फोनवरून नंबर लावला आणि त्याच्या कानाला धरला. रिंग जात राहिली. कोणी उचललं नाही. मित्राच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. दिवाळीतली पणती तेल संपल्यावर जाते तसं.

"येत होता म्हंजे? कवा?"

"आत्ता. पेनल्टी चालू असताना."

"मग?"

"कट केला मी."

तो उठला. चपला घातल्या. फुग्यांचा डबा तसाच राहिला. तो परत द्यायला जायचं धाडस मला फार दिवस झालं नाही.

नंतर वहिनींकडून कळलं ते असं. मुलगा कुवेतमध्ये आपल्या स्वयंपाकघरात उभा राहून एकटाच सामना बघत होता. पेनल्टी लागल्यावर त्याला राहवेना. या पेनल्टी ज्याच्याबरोबर बघाव्यात असा जगात एकच माणूस होता. पहिला फोन उचलला नाही, त्याने मनाची समजूत घातली की पप्पा बघण्यात दंग असतील. दुसरा कट झाला. कट झाल्यावर समजुतीला जागा राहत नाही. आईला त्याने एवढंच लिहिलं: पप्पांनी कट केला, कळलं मला.

मी दुसऱ्याच दिवशी त्याला फोन करून सगळं सांगितलं. टीपॉय, वाल, खिसा, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"अंकल, केक पण होता ना फ्रीजमध्ये?" तो म्हणाला.

"अरे, देवाशपथ, या वेळी खरं सांगतोय!"

"तुम्ही पप्पांना वाचवताय. राहू द्या." आणि मग अगदी सभ्यपणे, "आंटीला हॅलो सांगा."

आता सोललेले वाल पुन्हा सोलायला लावणं कोणाला सुचतं का हो? इतकं बावळट खोटं मी तरी कशाला रचेन? पण माझ्या बाबतीत लोकांना ते अशक्य वाटत नाही, ही माझी कमाई.

मित्राला म्हटलं, तू स्वतः लाव. तो म्हणे, "लावला होता ना. उचलला नाय त्याने." मी म्हटलं, तो मी लावला होता. "माझ्याच फोनवरून ना?" हे त्याचं उत्तर. पुढे तर विषयच बंद. आमच्या भेटी सुरू राहिल्या, माजिवड्याच्या मंडईपासून बँकेपर्यंत बरोबर जाणं सुरू राहिलं, पण फुटबॉल त्याने माझ्याबरोबर पुन्हा पाहिलं नाही. मी अधूनमधून चौकशी करायचो, ती स्पर्धा पुन्हा कधी? पुढे ढकलली म्हणायचे. आणि झाली तरी पाहुण्यांना दर वेळी थोडंच बोलावतात.

असं बरंच गेलं. मधे त्याला नातू झाला. नातवाचे फोटो वहिनींच्या फोनवर यायचे, आणि वहिनी फोन उघडाच टेबलावर ठेवून मुद्दाम मागच्या अंगणात जायच्या.

मग मागच्या हिवाळ्यात वहिनींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि मुलगा आठवडाभरासाठी एकटाच आला. मी ठरवलं होतं, जायचं नाही. बायकोने तर दाराला कडी लावायची बाकी ठेवली होती. "तुम्ही तिकडे जाऊन काही बोलू नका," ती म्हणाली. मी म्हटलं, बोलत नाही, नुसती तब्येत विचारून येतो.

गेलो तेव्हा वहिनी खाटेवर, एका डोळ्याला पट्टी. एका बाजूला मित्र, दुसऱ्या बाजूला मुलगा. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं, त्यात आधीपासून घालायच्या औषधाच्या बाटल्या मित्राच्या हातात होत्या.

"आदी कुठली रे? हिरव्या झाकनाची?"

"नाही पप्पा, पांढरी. मग पाच मिनिटांनी हिरवी."

"हालवायची का?"

"हालवा. हळू."

बस, एवढंच. थेंबांविषयी. पण दोघं एकमेकांशी बोलत होते, आणि वहिनी खाटेवर श्वाससुद्धा जपून घेत होत्या. कोणाही शहाण्या माणसाने त्या दारातून पाऊल मागे घेतलं असतं.

मी आत गेलो, खुर्ची ओढली आणि म्हणालो, "तू समोर आहेस म्हणून आज एकदा स्पष्ट करतो. त्या दिवशी फोन मी कट केला होता. तुझ्या पप्पांना माहीतसुद्धा नव्हतं."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, चिडेल. पण तो थोडा हसला. "ठीक आहे अंकल. खरं धरतो. तुमचं तोंड बघून पटतंय."

मी विजयाने मित्राकडे वळलो. तेवढ्यात मुलाने विचारलं, "नंतर एक मिस्ड कॉल होता पप्पांच्या नंबरवरून. तो?"

मित्र हातातल्या बाटलीकडे बघत होता. या दोघांच्या मधे मी वर्षानुवर्षं खोटं बोललो होतो, न विचारता, फुकट. आणि जिथे एक खोटं खरोखर लागत होतं, तिथे माझ्या तोंडून खरं गेलं.

"तो पण मीच लावला होता," मी म्हणालो.

"हां," मुलगा म्हणाला. मग बापाकडे बघून, आवाज न चढवता, "मग तुम्ही कधी लावलात, पप्पा?"

मित्राने पांढऱ्या झाकणाची बाटली टेबलावर नीट उभी ठेवली आणि उठून अंगणात गेला. फाटक वाजलं. मुलाने मान खाली घातली, मग बाटली उचलली आणि आईच्या डोळ्यात स्वतःच थेंब घातला.

मला वाटलं, काहीतरी बोलायला हवं. मी म्हणालो, "येईल तो. राग नाहीये त्याच्या मनात, मला माहीत आहे..."

वहिनींनी उघड्या डोळ्यातला थेंब गालावर ओघळू दिला आणि छताकडे बघतच म्हणाल्या, "भावजी, डाक्टरने पट्टी माझ्या डोल्याला लावली. तुमच्या तोंडाला लावायला पायजे होती."